रंकाळ्याच्या काठानं, सायकलवरून

उन्हाळा म्हटलं की शेतकरी माणसाच्या डोळ्यांपुढं आधी विहिरीचा तळ येतो. मग वैरणीची गंजी किती उरली ते येतं, आणि त्यामागोमाग बी-बियाण्याची काळजी. सुट्टी, हवापालट, थंड हवेचं ठिकाण हे शब्द आपल्या बोलण्यात फारसे येत नाहीत. तरी उन्हाळ्यातलं सुख कशात आहे, असं मला कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगेन. एक सायकल आणि दुसरा रंकाळा.

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, सवड असली तर पन्हाळा-जोतिबा करतो आणि परतीच्या गाडीआधी घटकाभर रंकाळ्यावर बसून भेळ खातो. हे सगळं चांगलंच आहे. पण एका संध्याकाळीत तळं कळत नाही. शेजारचं माणूस जसं रोज येता-जाता कळत जातं, तसंच तळ्याचं आहे. मला रंकाळा कळला तो अडतीस वर्षं त्याच्या काठानं सायकल मारून.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, भोगावती ओलांडून वर माळावर. नदी दिसते, पण नदीचं पाणी आमच्या रानाला येत नाही. दोन एकर जमीन, एक विहीर आणि घरात खाणारी सात तोंडं. तेवढ्यात दोघा भावांचं भागणार नव्हतं. थोरले दादा रानात राहिले आणि मी १९७५ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर लागलो. उद्यमनगर म्हणजे लेथ, शेपर आणि ओतकामाच्या भट्ट्यांचं गाव. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं, पंप, उसाचे चरक यांचे सुटे भाग तिथं बनत आणि दुरुस्तही होत.

उन्हाळा ही आमच्या कारखान्याची सुगी. विहिरींचं पाणी खाली गेलं की पंप बोलू लागतात. पंप पाण्यापासून वीस-बावीस फुटांच्या वर राहिला की पाणी ओढत नाही. मग माणसं तो खाली उतरवतात, घाईत नळाची जोडणी चुकते, हवा धरते, पॅकिंग जळतं, आणि मग पोत्यात गुंडाळलेला पंप घेऊन कुणीतरी पहाटेच आमच्या दारात येऊन बसलेलं असतं. "उसाचा पाला करपाय लागलाय मिस्त्री, आजच्या आज द्या," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आपलंही घर रानावरचंच. त्यामुळं नाही म्हणवत नसे.

गावातून सकाळी एक एस.टी. होती. ती वेळेवर आली तर भरून येई आणि रिकामी आली तर उशिरा. म्हणून पहिल्या दोन पगारांतून पैसे बाजूला काढून मी एक जुनी काळी सायकल घेतली. मडगार्ड खडखडत होतं, चेनकव्हर नव्हतंच. पण चौकट दणकट होती. एका बाजूचं अंतर चौदा किलोमीटर. जायला तास लागे, यायला सव्वा ते दीड.

परतीला जास्त वेळ का, हे सायकल चालवणाऱ्यालाच कळेल. आमचं गाव पश्चिमेला, कारखाना पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी येतानाही सूर्य समोर. दोन्ही वेळा ऊन तोंडावरच. त्यात उन्हाळ्यात दुपार कलली की सह्याद्रीकडून पश्चिमेचा वारा सुटतो. कोल्हापूरची उन्हाळ्यातली संध्याकाळ थंड होते ती या वाऱ्यामुळं. शहरातला माणूस तो वारा खायला गच्चीवर जातो, आणि मला त्याच वाऱ्यात छातीनं वाट काढत पायडल मारावं लागे. एका संध्याकाळी दमून मी रंकाळ्याच्या कट्ट्याला सायकल टेकवली आणि बसलो. तासाभरानं सूर्य बुडाला, वारा थोडा पडला आणि उरलेली वाट निम्म्या कष्टात संपली. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास रंकाळ्यावर थांबायचा नियमच पडला. माझं रंकाळ्याचं प्रेम असं आळसातून सुरू झालं.

वाटही सांगण्यासारखी आहे. गावातून माळ उतरून खाली आलं की नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ओळीनं दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढून घ्यायचे, म्हणजे पुराचं पाणी मोकळं जातं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं ओळखला जाणारा हा बंधारा आता साऱ्या महाराष्ट्रात आहे. उन्हाळ्यात त्याच्या माथ्यावरून सायकल नेता येई. एका अंगाला काठोकाठ निळं पाणी, दुसऱ्या अंगाला उघडे खडक आणि त्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका. कठडा नाही. नवख्यानं उतरून ढकलत न्यावी, हेच शहाणपण. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जाई आणि मग बालिंग्याच्या पुलाचा लांबचा फेरा पडे.

बालिंगा मागं टाकलं की फुलेवाडी. फुलेवाडीच्या नाक्यावर एक पंक्चरवाले मामा बसत. एक पाण्याची घमेली, एक पंप, कानस, सोल्यूशनची नळी आणि लाल माठ, एवढं त्यांचं दुकान. ते पंक्चरचे पैसे घेत, हवेचे घेत नसत. "हवेचं कसलं पैसं? ती काय म्या केली?" असं म्हणत. माठातलं पाणी मात्र आग्रहानं देत. वैशाखात नऊ किलोमीटर सायकल मारून आल्यावर माठातल्या पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो, तेव्हा डोळे आपोआप मिटतात. या सुखाला पैसा लागत नाही. पण ते मिळायला आधी नऊ किलोमीटर सायकल मारावी लागते.

फुलेवाडी सोडली की उजव्या हाताला झाडांतून पाणी चमकू लागे. आधी शालिनी पॅलेस दिसे. काळ्या दगडाची ही देखणी वास्तू १९३१ ते १९३४ या काळात बांधली आणि तिला राजकन्या शालिनीराजे यांचं नाव दिलं. तिच्या पलीकडं सबंध तळं. काठानं एक प्रदक्षिणा घालायची तर अडीच मैल होतात, असं जुने लोक सांगत.

रंकाळ्याच्या जन्माची गोष्ट आपल्याकडं अशी सांगतात. इथं पूर्वी दगडाची खाण होती. आठव्या-नवव्या शतकात कधीतरी मोठा भूकंप झाला, जमीन खचली आणि खाणीत पाणी भरलं. रंकभैरवाच्या देवळावरून तळ्याला रंकाळा म्हणू लागले. आणखी एक गोष्ट माझ्या आवडीची. तळ्याकाठी मोठा दगडी नंदी आहे. हा नंदी म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो तळ्याला पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होणार. ही गोष्ट मला पंक्चरवाल्या मामांनी सांगितली, तेव्हा मी हसून विचारलं होतं, "मामा, गहू मोठा का तांदूळ?" मामा म्हणाले, "ते त्या त्या सालच्या पिकावर हाय."

उन्हाळ्यातला रंकाळा संध्याकाळी सहाला जागा होई. शाळांना सुट्ट्या पडलेल्या. पोरं कठड्यावरून मुटके मारत. ज्यांना पोहता येत नसे त्यांच्या पाठीला रिकामा डबा बांधून कुणीतरी मामा-काका पाण्यात सोडत असे. पोरगं आधी बोंब मारी आणि आठवड्याभरात बाहेर येईना. म्हशी पाण्यात नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बसलेल्या. तालमीतली पोरं जोर-बैठका मारून अंग धुवायला येत. पूर्वेच्या काठाला चौपाटी. तिथं भेळेच्या गाड्यांवर चुरमुऱ्यांचा डोंगर आणि त्यावर कांद्याची लाल माळ. कोल्हापूरच्या भेळेचा तिखटपणा मी परगावच्या माणसाला आधीच सांगून ठेवतो, मग तक्रार नको.

मी मात्र भेळ महिन्यातून एकदाच खाई, पगाराच्या दिवशी. माझी रोजची जागा संध्यामठ दिसेल अशा ठिकाणी. संध्यामठ ही तळ्यातली जुनी दगडी वास्तू. पावसाळ्यात तळं भरलं की ती पाण्यात बुडत जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरेल तशी उघडी पडते. शहरातली माणसं तिच्याकडं शोभा म्हणून बघत. मी तिच्याकडं बघून हिशोब करी. आज अमुक थर उघडा पडला, म्हणजे आमच्या विहिरीला अजून पंधरा दिवस दम आहे. आज त्याच्याखालचा थर दिसला, म्हणजे दादांना सांगायला पाहिजे, वरच्या तुकड्यातल्या मक्याचं पाणी आता तोडा. रंकाळ्याचा आणि आमच्या विहिरीचा काही संबंध नव्हता. पण दोघांवर पाऊस एकच पडला होता आणि ऊनही एकच पडत होतं. त्यामुळं माझा अंदाज चार-दोन दिवस इकडं-तिकडं होऊन बरोबर येई. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला तळं दिसतं. सायकलवाल्याला पाणी किती उतरलं तेही दिसतं.

परतीच्या वाटेवर कधी गंगावेशीतल्या दूधकट्ट्याला जायचं. आपल्यासारखीच माणसं तिथं म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकापुढं धार काढतात. फेसाळलेलं, अजून कोमट असलेलं दूध पेल्यातून तोंडाला लावायचं. घरची म्हैस असताना दूध विकत का प्यायचं, असं दादा विचारत. त्यांचं बरोबर होतं. पण घरचं दूध सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये जायचं, त्याचं आम्हाला बिल यायचं. स्वतःच्या पैशानं पेलाभर दूध उभ्यानं पिण्यात जी ऐट होती ती त्यांना कशी सांगणार?

मे महिन्यात गगनबावड्याकडच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसत. पानाच्या द्रोणात करवंदं घ्यायची, हॅण्डलला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीत वरच्या वर ठेवायची आणि घरी पोरांसमोर रिकामी करायची. निम्मी चेंगरलेली असत. पिशवी जांभळी व्हायची आणि घरच्यांची बोलणी खावी लागायची. आणि एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावर बसलेलं असताना पन्हाळ्याकडून काळं आभाळ चढून येई, धुळीचा लोट उठे आणि वळीव कोसळे. भेळवाले ताडपत्र्या ओढत, पोरं नाचत, आम्ही सायकलवाले झाडाखाली न जाता तसेच भिजत निघत असू. तापलेल्या डांबरावर पहिलं पाणी पडतं त्याचा वास, आणि पुढं फुलेवाडीच्या पलीकडं नांगरलेल्या रानाचा वास. या दोन वासांच्या मधोमध शहर संपे आणि गाव सुरू होई.

१९७९ साली माझं लग्न झालं. पहिल्याच उन्हाळ्यात घरात कुणाला न सांगता मी घरच्या बाईमाणसाला रंकाळा दाखवायला घेऊन गेलो. म्हणजे सांगितलं होतं, "दवाखान्यात चाललोय." माळ उतरेपर्यंत ती चालत आली, कारण गावात कॅरिअरवर बसायची लाज. बंधाऱ्यावर मी सायकल ढकलली. पलीकडं गेल्यावर बसली ती पाक रंकाळ्यापर्यंत. भेळ खाल्ली, पाण्यात पाय सोडून बसलो. मला वाटलं होतं, एवढं मोठं तळं बघून ती हरखून जाईल. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चांगलं हाय की. पर आपलं तळं काय वाईट हाय? धाकटं हाय एवढंच."

हो, आमच्या गावालाही तळं होतं. त्याची गोष्ट सांगायची म्हणूनच मी एवढी सायकल मारली.

गावतळं वरच्या अंगाला, माळाच्या पोटाशी होतं. दीड एकरभर असेल. चार महिने माळावरचं पाणी त्यात येई. होळीपर्यंत भरलेलं, मग उतरत उतरत मे महिन्यात मधोमध डबकं राही. गुरं तिथं पाणी पीत, बैल धुतले जात, पोरं पोहायला शिकत. कुणी त्याची पूजा केली नाही आणि कुणी त्याच्याकडं लक्षही दिलं नाही. गाळ दरसाल साचत गेला. पूर्वी उन्हाळ्यात माणसं बैलगाडीनं गाळ काढून रानात घालत. रासायनिक खताची पोती आली तसं ते थांबलं. नळपाणी आलं तसं बायकांचं जाणं थांबलं. बैल कमी झाले तसं धुणं थांबलं. तळं कमी होत चाललंय हे रोज कुणालाच दिसत नव्हतं.

१९९४ साली मी ग्रामपंचायतीत होतो. सभेपुढं विषय आला की तळ्याचा गावाकडचा निम्मा भाग भरून घ्यायचा आणि तिथं दुकानगाळे बांधायचे. गाळ्यांच्या भाड्यानं पंचायतीला उत्पन्न मिळेल, डासही कमी होतील. कुणाचंच मन काळं नव्हतं. ज्यांनी हात वर केले त्यांत माझाही हात होता. त्या संध्याकाळी मी रंकाळ्यावर नेहमीसारखा अर्धा तास बसूनच गावी सभेला गेलो होतो. मोठ्या तळ्याचा वारा खाऊन आलेल्या माणसानं धाकट्या तळ्यावर माती टाकायला हात वर केला. तेव्हा मला त्यात काही विपरीत वाटलं नाही.

तळ्याच्या खालच्या अंगाला अकरा विहिरी. आमची त्यांतलीच एक. दोन-चार वर्षं काही कळलं नाही, कारण पाऊस बरा झाला. मग हळूहळू कळू लागलं. जी विहीर मेअखेरपर्यंत पुरत होती ती वैशाख लागता लागता तळ दाखवू लागली. उद्यमनगरात मी दुसऱ्यांचे पंप दुरुस्त करत होतो आणि घरी दादा आमचा पंप दर आठवड्याला फूट-दोन फूट खाली उतरवत होते. माणसं बोअर मारू लागली. एकाला लागलं, दोघांचं कोरडं गेलं. तळ्याचं साठलेलं पाणी मुरमातून झिरपत विहिरींना येत होतं. ते उन्हाळ्यात आटताना दिसे म्हणून आपण म्हणायचो की तळं वाया जातं. आटताना दिसणारं सगळंच पाणी उन्हानं नेलेलं नसतं. त्यातलं बरंचसं जमिनीच्या पोटातून आपल्याच विहिरीत उतरत असतं. एवढी साधी गोष्ट मला पंपाचं काम पंचवीस वर्षं केल्यावर कळली.

शहरानं तरी वेगळं काय केलं? कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचंच गाव. आज भाजीसाठी आपण ज्या कपिलतीर्थ मंडईत जातो, तिथं कपिलतीर्थ नावाचं तळं होतं. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होतं. मोठा पाऊस झाला की त्या मैदानात अजूनही पाणी साचतं. पाण्याला आपली जुनी जागा लक्षात राहते. फुटबॉलसाठी ज्याचं नाव निघतं ते शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्यावर उभं आहे. मंडई, मैदान, स्टेडियम, सगळ्यांची गरज होतीच. आमच्या गाळ्यांचीही होती. तळं मरतं ते अशा खऱ्याखुऱ्या गरजांपायीच.

रंकाळा मोठा म्हणून टिकला. पण त्याचे हाल मी डोळ्यांनी पाहिले. भोवती वस्ती वाढली, नाल्यांतून सांडपाणी तळ्यात येऊ लागलं. सांडपाणी म्हणजे पाण्याला फुकटचं खत. खत पडलं की आपल्या रानात तण माजतं, तसंच तळ्यातही होतं. केंदाळ पसरलं. पाणी हिरवं पडलं, वास येऊ लागला. केंदाळ पाण्यावर झाकण घालतं, खाली उजेड पोहोचत नाही. ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. काही उन्हाळे असे गेले की मी संध्याकाळी कट्ट्यावर न थांबता नाकाला रुमाल लावून सरळ निघून जाई. तोंडावर ऊन परवडलं, पण तो वास नको.

पण एक गोष्ट मी पाहिली, ती सांगितलीच पाहिजे. रंकाळ्यासाठी माणसं उभी राहिली. सकाळी फिरायला येणारे, पोहणारे, पेन्शनर, कॉलेजची पोरं. केंदाळ काढायला हातात दाताळं घेऊन माणसं पाण्यात उतरली. सांडपाणी अडवा म्हणून लोक पालिकेच्या मागं लागले. गणपतीचं विसर्जन आणि निर्माल्य तळ्यात न टाकता वेगळ्या कुंडात देण्याची सवय हळूहळू लागत गेली. सगळं सुटलं असं नाही. केंदाळ काढलं तरी सांडपाणी येत राहिलं तर ते पुन्हा उगवतंच. पण जे लोक उठले ते तळ्यावर रोज जाणारेच होते. ज्याचा रोजचा अर्धा तास तळ्यावर जातो त्यालाच तळं दुखतंय हे आधी कळतं. आमच्या गावतळ्यावर रोज जाणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच्यासाठी मग बोलणार कोण?

२०१३ साली मी कारखान्यातून मोकळा झालो. सायकल मात्र सोडली नाही. रोज चौदा किलोमीटर आता होत नाही. आठवड्यातून एकदा, ऊन उतरता उतरता निघतो आणि रंकाळ्यावर बसून अंधार पडायच्या आत परत येतो. मुलगा म्हणतो, "आबा, गाडीवरून सोडतो की." मी म्हणतो, गाडीवरून रंकाळा लवकर येतो, पण माठातलं पाणी तेवढं गोड लागत नाही. फुलेवाडीचे मामा आता नाहीत. त्यांचा मुलगा तिथंच मोटारसायकलींचे पंक्चर काढतो. माठ मात्र अजून आहे.

मागच्या उन्हाळ्यात नात बरोबर आली, तिच्या सायकलवर. आठवीत गेली आहे, हायस्कूलला रोज पाच किलोमीटर सायकलनंच जाते. रंकाळ्यावर बसल्यावर मी तिला संध्यामठ दाखवला, नंदीची गोष्ट सांगितली, तिची आजी १९७९ साली काय म्हणाली तेही सांगितलं. पोरगी ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आबा, आपलं तळं कुणी बुजवलं?"

चौदा किलोमीटर परत येताना वारा समोरून होता आणि उत्तर द्यायला दम नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. पण घरी आल्यावर जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, "बाकीच्यांबरोबर मीपण."

यंदा १ मेच्या ग्रामसभेपुढं तळ्याचा उरलेला निम्मा भाग भरून वाहनतळ आणि सभामंडप करायचा विषय होता. मी उभा राहिलो. भाषण येत नाही, म्हणून अकरा विहिरींची यादीच वाचली. कुठली विहीर पूर्वी कधीपर्यंत पुरायची आणि आता कधी तळ दाखवते. शेवटी सांगितलं, की १९९४ साली वर गेलेला एक हात हा होता, आणि आज तो खाली ठेवायला आलोय. थोडा गलका झाला. कुणी म्हणालं, तात्यांना आता सुचलं होय? खरंच आहे ते. पण मागं बसलेल्या बायकांतून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "उशिरा का हुईना, सुचलं न्हवं? आमास्नी हंड्याचं वज्जं म्हाईत हाय."

विषय पुढं ढकलला. रद्द झालेला नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच सभेत ठरलं की यंदा पावसाआधी उरलेल्या तळ्यातला गाळ काढायचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सरकारनं २०१७ साली काढली आहे. तिचा अर्ज करायचा, पण त्याची वाट बघत बसायचं नाही. ज्याला गाळ पाहिजे त्यानं स्वतःच्या ट्रॉलीनं न्यायचा आणि डिझेलही स्वतःचं घालायचं. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे भाताच्या धूळवाफ पेरण्या सुरू व्हायच्या आत, त्रेपन्न ट्रॉल्या गाळ निघाला. माळाच्या हलक्या, मुरमाड रानात तो सोन्यासारखा. फक्त थर जाड देऊ नये, पसरून कुळवानं मिसळून घ्यावा. ज्यांचं रान आधीच चिकण आहे आणि पाणी धरून ठेवतं, त्यांनी गाळाच्या मोहात पडू नये. आणि ज्या तळ्यात गटाराचं पाणी येतं तिथला गाळ तर रानात नकोच.

त्रेपन्न ट्रॉल्यांनी दीड एकराचं तळं परत येत नाही. निम्म्या भागावर गाळे उभे आहेत, ते तसेच राहणार. पण उरलेल्यात हातभर खोली वाढली आहे. आता नात रोज संध्याकाळी शेळी घेऊन तिथं जाते आणि मधोमध रोवलेल्या बांबूवर पाणी किती आलं ते बघते. बांबूवर तिनं निळ्या रंगानं फुटांच्या खुणा केल्या आहेत. पहिल्या वळवाला सात बोटं पाणी आलं, हे तिनं मला धावत येऊन सांगितलं.

मला पंक्चरवाल्या मामांचा नंदी आठवतो. तळं मरतं ते गव्हा-गव्हानं, आणि आपण जगवू म्हटलं तरी हाताला येतं तांदूळ-तांदूळच. गहू मोठा का तांदूळ, ते त्या त्या सालच्या पिकावर आहे. पुढच्या आठवड्यात वारा जरा पडला की मी सायकलला वंगण घालून रंकाळ्यावर जाणार आहे. तुमच्या गावाला तळं असेल तर एखाद्या संध्याकाळी तुम्हीही जाऊन बसा. काही काम नसलं तरी बसा.